शंभराचे तीन भाग: कोड स्वतः लिहायचा की एआयकडून लिहून घ्यायचा?

एखादी रक्कम तिघांत सारखी वाटून देणारं फंक्शन, म्हणजे कोडचा एक छोटा तुकडा, हवं आहे. एआय सहायकाला एका ओळीत सांगितलं की काही सेकंदांत कोड समोर येतो. नावं नीटनेटकी, कॉमेंट सुबक, चालवून पाहिला तर एकही एरर नाही. १०० दिले की प्रत्येकाला ३३.३३. पण ३३.३३ ची तीनदा बेरीज केली की ९९.९९ भरतात. उरलेला ०.०१ गेला कुठे?

तो पहिल्याला द्यायचा, शेवटच्याला द्यायचा, की वेगळ्या खात्यात टाकायचा, हे कुणीतरी ठरवायला हवं होतं. सूचना देणाऱ्यानं ठरवलं नाही, कारण त्याला हा प्रश्नच पडला नव्हता. आता हेच फंक्शन हातानं लिहायला बसलेला प्रोग्रामर पाहा. भागाकाराच्या ओळीपाशी त्याची बोटं घुटमळतात. शंभराला तीननं भाग जात नाही, ही शाळेपासून माहीत असलेली गोष्ट तिथे त्याला आडवी येते आणि तो उठून हिशेब सांभाळणाऱ्यांना विचारायला जातो: बाकी उरली तर काय करू? (निदान जावं. सगळेच जातात असं नाही.)

प्रोग्रामरनं एआयला सूचना देत राहावं की कोड स्वतः लिहावा, या वादात दोन्ही बाजूंनी हिरिरीनं बोललं जातं. एक गट म्हणतो, टायपिंगचे दिवस संपले, आता फक्त दिशा द्यायची. दुसरा म्हणतो, जो कोड मी लिहिला नाही तो माझा नाही. मला वाटतं, दोघंही बोटांकडे बघत बसले आहेत. बघायला हवं त्या ०.०१ कडे. तो निर्णय कुणाला दिसला, कधी दिसला आणि शेवटी घेतला कुणी?

आधी हे बघू की तो एआयच्या हातून निसटतो कसा. या सहायकांच्या मुळाशी मोठं भाषा-मॉडेल असतं. मजकुराचे लहान तुकडे पाडलेले असतात, त्यांना टोकन म्हणतात. आतापर्यंतची टोकनं पाहून पुढचं टोकन कोणतं येण्याची शक्यता किती, याचा अंदाज मॉडेल बांधतं, त्यातून एक निवडतं, ते मागच्या मजकुराला जोडतं आणि पुन्हा तेच करतं. हा अंदाज ते शिकलेलं असतं प्रचंड मोठ्या मजकुरावरून, ज्यात जगभरातल्या लोकांनी सार्वजनिक ठेवलेला कोडही येतो. त्यामुळे तुम्ही न सांगितलेली जागा ते बहुतेक वेळा सर्वसाधारण सवयीनं भरून टाकतं. रकमा दोन दशांशांपर्यंत राउंड करायची, म्हणजे जवळच्या अंकावर आणायची, सवय सगळीकडे आहे, म्हणून तेही राउंड करतं. आता राउंड म्हणजे नेमकं काय, हेही सगळीकडे एकसारखं नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं राउंड २.५ चे २ करतं, जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतलं ३ करतं. पायथननं बरोबर मधोमध असलेली संख्या जवळच्या सम अंकाकडे न्यायचा नियम धरला आहे, जावास्क्रिप्टनं वरच्या अंकाकडे न्यायचा. दोन्ही नियम आपापल्या जागी योग्य आहेत. तुमच्या हिशेबाला कोणता लागू, हे मात्र तुमच्या सूचनेत कुठेच नव्हतं.

आजचे एआय एजंट याच्या बरेच पुढे गेले आहेत, हे सांगायला हवं. ते फायली स्वतः उघडून वाचतात, कमांड चालवतात, टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा प्रोग्राम) फेल झाली तर कारण शोधून दुरुस्ती करतात, कधीकधी थांबून उलट प्रश्नही विचारतात. पण ते कोणता प्रश्न विचारतील याचा भरवसा देता येत नाही. आणि न विचारलेला प्रश्न स्क्रीनवर दिसत नाही, ही खरी अडचण.

यावर एक तयार उत्तर मिळतं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. कंपायलर, म्हणजे माणसानं लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, आला तेव्हाही लोक असंच कुरकुरले होते, असं म्हणतात. खरं आहे ते. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटानं फोरट्रान ही प्रोग्रामिंग भाषा आणि तिचा कंपायलर तयार केला आणि १९५७ मध्ये ती वापरणाऱ्यांच्या हाती पडली, तेव्हा यंत्रानं काढलेला कोड माणसानं घडवलेल्या कोडइतका वेगवान असेल यावर अनेक जाणकारांचा विश्वास नव्हता. म्हणूनच त्या गटानं सगळ्यात जास्त घाम गाळला तो तयार होणारा कोड वेगवान व्हावा यासाठी. आज कंपायलरनं काढलेला मशीन कोड रोज उघडून वाचणारा प्रोग्रामर विरळाच. मग एआयनं काढलेला कोड तरी कशाला वाचायचा?

इथेच घोडं पेंड खातं. कंपायलरला आपण जी भाषा देतो तिच्यातल्या जवळपास प्रत्येक ओळीचा अर्थ आधी ठरलेला असतो. भागाकारात दशांश टिकणार की गळणार, हे भाषेच्या नियमांत लिहिलेलं असतं. कंपायलरमध्येही बग निघतात, पण तो बग आहे की नाही हे त्या नियमाकडे बोट दाखवून सिद्ध करता येतं. ‘तिघांत सारखे वाटून दे’ या वाक्याला असा नियमग्रंथ नाही. तीच सूचना दोनदा दिली तर दोन वेगळे प्रोग्राम मिळू शकतात आणि दोन्ही सूचनेला धरूनच असतील. नैसर्गिक भाषेत प्रोग्रामिंग करण्याच्या कल्पनेवर एड्सगर डायक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञांनी १९७८ मधल्या एका टिपणात कडाडून टीका केली होती. चिन्हांची काटेकोर भाषा ही आपल्यावर लादलेली कटकट नसून मिळालेली सवलत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. गणितानं शब्दांतून चिन्हांत यायला शतकं खर्ची घातली, ती उगाच नाही.

बरं, वेळ तरी वाचतो का? दोन प्रयोग शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

पहिल्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ९५ व्यावसायिक प्रोग्रामर घेतले आणि जावास्क्रिप्टमध्ये एक एचटीटीपी सर्व्हर, म्हणजे वेबवरून आलेल्या मागण्यांना उत्तर देणारा प्रोग्राम, लिहायला सांगितला. ज्यांच्याकडे गिटहब कोपायलट हा कोड सुचवणारा एआय सहायक होता त्यांनी ते काम ५५.८ टक्के कमी वेळात उरकलं. दुसरा प्रयोग मीटर या संस्थेनं २०२५ मध्ये केला. त्यात ओपन सोर्स, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या, कोडवर काम करणारे १६ अनुभवी प्रोग्रामर होते, ज्या प्रकल्पांवर ते वर्षानुवर्षं काम करत आले होते त्यांतलीच २४६ खरी कामं होती, आणि कोणत्या कामात एआय वापरायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. मजा पुढेच आहे. सुरू करण्याआधी त्यांचा अंदाज होता की वेळ २४ टक्के वाचेल, आणि सगळं झाल्यावरही त्यांना वाटत होतं की २० टक्के वाचला. घड्याळ एक सांगत होतं, मन दुसरंच.

हे दोन निष्कर्ष एकमेकांवर आपटतात असं वाटतं, पण नीट पाहिलं तर आपटत नाहीत. एचटीटीपी सर्व्हर जगात असंख्य वेळा लिहून झाला आहे. तो कसा असावा हे सगळ्यांना माहीत आहे, त्याला मागचापुढचा इतिहास नाही, आणि तो चालतो की नाही हे लगेच तपासता येतं. दुसऱ्या प्रयोगातले प्रकल्प मोठे, जुने, अलिखित नियमांनी भरलेले. तिथे त्या माणसांच्या डोक्यात इतकं काही साठलेलं होतं की ते एआयला समजावून सांगण्यात, त्यानं दिलेलं वाचण्यात आणि दुरुस्त करण्यात वाचवलेला वेळ पाण्यात गेला असावा. तो प्रयोग २०२५ च्या पूर्वार्धातल्या साधनांवर झाला आणि ही साधनं झपाट्यानं बदलतात, त्यामुळे १९ हा आकडा दगडावरची रेघ मानू नये. आपल्या वेगाबद्दलचा आपला अंदाज इतका चुकू शकतो, ही गोष्ट मात्र मी लक्षात ठेवली आहे.

त्या अनुभवी माणसांच्या डोक्यात जे साठलं होतं त्याला पीटर नॉर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये ‘सिद्धान्त’ म्हटलं होतं. त्यांचं म्हणणं साधारण असं: प्रोग्राम म्हणजे फायलींमधला मजकूर, हे अर्धंच खरं. प्रोग्राम लिहिताना माणसाच्या मनात एक समज घडत जाते. बाहेरच्या जगातली कोणती गोष्ट कोडमध्ये कुठे उतरली, ती तशीच का उतरली, उद्या मागणी बदलली तर कुठे हात घालायचा आणि कुठे अजिबात घालायचा नाही, याची समज. ती समज बाळगणारे लोक पांगले की प्रोग्राम मरतो. मजकूर तसाच असतो, चालतही असतो, पण त्यात शहाणपणानं बदल करणारं कुणी उरत नाही. डॉक्युमेंटेशन वाचून ती समज पूर्णपणे परत उभी करता येत नाही, असंही नॉर म्हणतात.

ज्यांनी कुणा सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा कोड सांभाळला आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. एआयच्या बाबतीत फरक एवढाच की कोड लिहिणारा पहिल्या दिवसापासूनच सोडून गेलेला असतो. संभाषण संपलं की त्यानं ते तसं का लिहिलं हे विचारायला मागे कुणी नाही. पुन्हा विचारलं तर तो कारण देईल, छान देईल, पण ते आत्ता कोड वाचून जुळवलेलं कारण असेल.

म्हणून, ज्याला प्रोग्रामची समज आहे तोच एआयला नीट दिशा देऊ शकतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि ती समज तर लिहिण्यातूनच येत आली आहे. या पेचातून सरळ वाट निघत नाही.

अनेक जण म्हणतात, लिहिणार नाही, पण वाचीन. रिव्ह्यू करीन. ऐकायला रास्त वाटतं. पण दुसऱ्याचा कोड वाचून त्यातली चूक पकडणं हे स्वतः लिहिण्यापेक्षा पुष्कळदा कठीण असतं, कारण लिहिताना आपण एकेका निर्णयाशी झगडतो आणि वाचताना लेखकाच्या ओघात वाहत जातो. त्यात एआयचा कोड दिसायला सराईत असतो. अननुभवी माणसाच्या चुकीच्या कोडवर निदान गोंधळाच्या खुणा दिसतात, नावं विचित्र असतात, रचना डगमगते. एआयचा चुकीचा कोडही इस्त्री केलेला असतो. २०२१ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी कोपायलटला ८९ प्रसंग देऊन १,६८९ प्रोग्राम लिहून घेतले. प्रसंग मुद्दामच सुरक्षेच्या दृष्टीनं नाजूक निवडले होते. सुमारे ४० टक्के प्रोग्राममध्ये सुरक्षेची भोकं निघाली. तेव्हापासून मॉडेलं सुधारली आहेत, पण भोक असलेला कोड आणि नसलेला कोड दिसायला सारखाच असतो, हे सुधारलेलं नाही. मॉडेल कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं (इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या गठ्ठ्याचं) नावही बेधडक सुचवतं, आणि तेच नाव नोंदवून त्यात घातक कोड भरून ठेवायचा धोका सुरक्षेच्या क्षेत्रात आता ओळखीचा झाला आहे.

राखण करत बसण्याचा हा प्रश्न संगणकाच्या लोकांनी पहिल्यांदा पाहिलेला नाही. लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये स्वयंचलित कारखान्यांबद्दल लिहिताना दोन विसंगतींवर बोट ठेवलं होतं. यंत्र नेहमीचं काम करतं आणि अवघड प्रसंग माणसावर सोडतं. पण नेहमीचं काम हातून गेल्यामुळे त्याच माणसाचं कसब गंजत जातं. दुसरी विसंगती त्याहून वाईट. जिथे फारसं काही घडत नाही तिथे कितीही मन लावून लक्ष ठेवलं तरी साधारण अर्ध्या तासापलीकडे ते टिकत नाही. आता एका दुपारी एआयनं दिलेल्या दोन हजार ओळी डोळ्यांखालून घालणाऱ्या प्रोग्रामरचा विचार करा. पहिल्या शंभर ओळी तो वाचतो. पुढच्या पाचशे चाळतो. मग ‘ठीक दिसतंय’ म्हणून मर्ज करतो, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळून टाकतो. याला दिशा देणं म्हणवत नाही, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं.

मग हातानं काय लिहायचं? माझं उत्तर असं आहे की जिथे मला नेमकं काय हवं आहे ते अजून माहीत नाही, तिथे मी स्वतः लिहितो. डेटाची मुख्य रचना, पैशाचा हिशेब, कुणाला काय बघायची परवानगी आहे याचे नियम, एकाच वेळी दोन ठिकाणांहून बदल झाला तर काय व्हावं, हे सगळं. इथे लिहिणं हा विचार करण्याचाच एक प्रकार आहे, आणि ओळी थोड्याच असतात. उलट, बरोबर उत्तर कसं दिसतं हे मला आधीच ठाऊक आहे आणि ते तपासणं स्वस्त आहे, तिथे एआयला बिनधास्त देतो. एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात रूपांतर, शंभर ठिकाणी एकसारखा बदल, टेस्टसाठी खोटा डेटा, कधीतरीच लागणारी लायब्ररी (तयार कोडचा संग्रह) वापरण्यासाठीचा नेहमीचा साचेबंद कोड, एकदा चालवून फेकून द्यायची स्क्रिप्ट. या कामांत मला शिकण्यासारखं काही उरलेलं नाही आणि ती हातानं करण्यात मर्दुमकी तर मुळीच नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत एआय संशोधक आंद्रेय कारपथी यांनी ‘वाइब कोडिंग’ हा शब्द वापरला आणि तो लगेच सगळ्यांच्या तोंडी बसला. कोड आहे हेच विसरून जायचं, एआय देईल ते स्वीकारत जायचं, असा तो प्रकार. शनिवार-रविवारच्या हौशी प्रकल्पांसाठी हे वाईट नाही, असं त्यांनी तिथेच म्हटलं होतं. ते अर्धं वाक्य पुढे कुठेतरी गळून पडलं.

आणखी एक तिसरा वापर आहे, ज्याबद्दल या वादात कमी बोललं जातं: लिहायचं स्वतः, पण एआयशी बोलत. ‘ही पद्धत कुठे मोडेल?’, ‘मी कोणती शक्यता सोडली?’, ‘या फायलीत हे फंक्शन दोनदा का बोलावलं आहे ते शोध.’ आपण लिहिलेल्या कोडमधली चूक त्याला काढायला लावली तर त्याची ताकद चांगली कामी येते आणि समज आपल्याकडेच राहते. रक्कम वाटपाच्या फंक्शनवर त्यानं काढलेल्या दहा शंकांपैकी सात फालतू असतील. उरलेल्या तिनांपैकी एखादी रात्रीची झोप वाचवते.

नव्यानं शिकणाऱ्यांच्या बाबतीत मात्र मी जरा कर्मठ आहे. तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला, त्याचा अहवाल २०२४ मध्ये आला. सरावाच्या वेळी ज्यांना साधा एआय चॅट दिला होता त्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा ते १७ टक्क्यांनी मागे पडले. ज्या गटाला उत्तराऐवजी इशारे देणारा एआय मिळाला होता, त्यांच्यात हे नुकसान जवळपास दिसलं नाही. विषय गणिताचा होता, पण प्रोग्रामिंग शिकताना वेगळं काही घडत असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. पहिली काही वर्षं एरर मेसेज स्वतः वाचावेत, लूप (तीच पायरी पुन्हा पुन्हा करणारा कोड) स्वतः चुकवावेत, आणि ०.१ मध्ये ०.२ मिळवल्यावर संगणक ०.३०००००००००००००००४ का दाखवतो या प्रश्नानं एक संध्याकाळ वाया घालवावी. (ती वाया जात नाही. बहुतेक दशांश अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत नेमके बसत नाहीत, हे मग आयुष्यभर विसरत नाही.)

दिशाच द्यायची ठरली तर ती देण्यातही कसब आहे. लहान तुकडा द्यावा, इतका की आलेला बदल एका दमात खरोखर वाचून होईल. आधी आराखडा मागावा, कोड नंतर. बिघडत चाललेलं संभाषण ओढत बसू नये, कारण जुन्या चुकाही मॉडेलपुढच्या मजकुरातच पडून असतात आणि पुढच्या उत्तरांना वास देत राहतात. सरळ नवं सुरू करावं. आणि बरोबर म्हणजे काय, हे सांगणारी टेस्ट स्वतः लिहावी. कोड आणि टेस्ट दोन्ही एआयलाच लिहायला सांगणं म्हणजे परीक्षार्थ्यालाच पेपर तपासायला देणं.

आता परत आपल्या शंभराकडे. समजा टेस्ट हातानं लिहिली: तिन्ही भागांची बेरीज मूळ रकमेइतकीच भरली पाहिजे. मग पायथनमध्ये कोड लिहायचं काम एआयला दिलं. त्यानं शहाणपणानं रक्कम सर्वांत लहान एककात घेतली, म्हणजे १०,०००. तीननं पूर्णांक भागाकार केला, ३,३३३ आले, बाकी १ उरली, ती पहिल्याला दिली. ३,३३४, ३,३३३, ३,३३३. टेस्ट पास.

काही दिवसांनी व्यवहार रद्द होतो आणि तेच फंक्शन परताव्यासाठी उणे रक्कम घेऊन बोलावलं जातं. समजा हाच कोड जावा या दुसऱ्या भाषेत आहे. तिथे −१०,००० ला ३ नं भागलं तर −३,३३३ येतात आणि बाकी −१ राहते. उरलेली बाकी एकेक करून वाटणारा लूप उणे संख्येवर फिरतच नाही, बेरीज चुकते आणि टेस्ट आरडाओरडा करते. आपला कोड मात्र पायथनमध्ये आहे, आणि पायथन पूर्णांक भागाकारात खालच्या पूर्णांकाकडे उतरतं: भाग −३,३३४, बाकी २. ती बाकी पहिल्या दोघांना एकेक मिळते आणि वाटे होतात −३,३३३, −३,३३३, −३,३३४. बेरीज बरोबर −१०,०००. टेस्ट पास, लॉग स्वच्छ. फक्त तिसऱ्याकडून त्याला मिळाल्यापेक्षा ०.०१ जास्त परत घेतला गेला, आणि पहिल्याकडे तेवढाच राहून गेला.